मागच्या दाराची कडी

आमच्या शेजाऱ्याला प्रत्येक गोष्टीवर मत द्यायची सवय आहे. आम्ही बायका मासे साफ करायला बसलो की तो खुर्ची ओढून घेतो, पाय हलवत बोलतो आणि स्वतःच हसतो. काल तो मोबाईलवर बघितलेल्या भीतीच्या सिनेमाबद्दल सांगत होता. त्यात एकट्या बाईच्या घरात परका माणूस शिरतो आणि ती कपाटात लपून गप्प राहते.

"खोटो पिक्चर," तो म्हणाला. "आराडल्याशिवाय बाई रवात काय?"

"माका तर बघूनच घाम फुटलो," माझी जाऊ म्हणाली.

"तू भित्री गो."

रागाने माझ्या हातातला बांगडा फाटला. आमच्याकडे मागच्या दाराने येणारा माणूस अंगणातूनच हाक मारतो. हा मारत नाही. माझा नवरा होडीवर गेला की हा थेट चुलीपर्यंत येतो आणि "चाय ठेव गो" म्हणतो. मी एकदाही ओरडले नाही. चहाचं आधण ठेवते.

आज मी भरदिवसा मागच्या दाराला कडी घातली. त्याने दार ढकललं, पुन्हा ढकललं, आणि मग पहिल्यांदाच बाहेरून हाक मारली.

"आसास काय गो घरात?"

मी दाराला लागून उभी होते. आजही मी गप्पच राहिले, पण आज तो बाहेर होता.