सोब्रेमेसा

निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी कट्टा गावचे सत्यवान मास्तर, म्हणजे घरादाराचे भाई, स्पॅनिश शिकायला बसले. मुलगी शर्मिला स्पेनमध्ये नोकरीला होती. फोनवर 'जेवलंस?' आणि 'जेवलंय' यापुढे बापलेकीचं बोलणं सरकत नसे. शब्द शिकवायच्या निमित्ताने मात्र ती दर रविवारी अर्धा तास थांबायची.

"तीस वर्सां जेवताना मराठीत एक शब्द काढूक नाय," त्यांच्या पत्नी आनंदीबाई आतून म्हणायच्या, "आता स्पॅनिशात गजाली मारतले!"

त्या रविवारचा शब्द होता सोब्रेमेसा.

"जेवण झाल्यार ताटां तशीच ठेवून लोक बोलत बसतत ना भाई, तो वेळ."

भाईंनी वहीत लिहिलं : नाम, स्त्रीलिंगी. "वाक्यात कसो वापरूचो?"

"'आमची सोब्रेमेसा चल्ली आसा,' असा म्हणतत. मगे कोण उठूक सांगत नाय. हंय दोन-दोन तास चलता."

"तू काय बोलतस?"

"सगळा," शर्मिला सहज म्हणाली.

भाईंचं पेन थांबलं. त्यांच्या घरात जेवताना बोलायचं नसे, आणि भाई उठले की सगळ्यांनी उठायचं. गावात या शिस्तीचं कौतुक होतं. बारावीच्या वर्षी एकदा भात कालवता कालवता शर्मिला म्हणाली होती, "भाई, माका एक सांगूचा आसा." "जेवान होवंदे," ते म्हणाले. जेवण झालं, ते उठले, सदरा चढवून शाळेत गेले. तिचं सांगायचं राहिलं. त्यानंतर तिने त्यांना विचारून असं काहीच केलं नाही. सगळं ठरवायची आणि मग कळवायची.

काय सांगायचं असेल तिला? हा प्रश्न वीस वर्षांनी, वही मिटताना, पहिल्यांदा त्यांच्या मनात आला. फोनवर विचारायचा धीर झाला नाही.

मे महिन्यात ती आली. पहिल्याच दुपारी बांगड्याचं तिखलं झालं होतं. भाईंचं ताट रिकामं झालं, पण ते उठले नाहीत. शर्मिला अर्धवट उठलेली पुन्हा बसली.

"काय झाला? बरा वाटत नाय?"

"सोब्रेमेसा," भाई म्हणाले.

ती खळखळून हसली. आनंदीबाईही हसल्या. मग भाईंनी विचारलं, "बारावीत आसताना तुका माका कायतरी सांगूचा होता. मी म्हटलंय, जेवान होवंदे. काय होता गो ता?"

शर्मिलाने आईकडे पाहिलं, मग ताटाकडे. बराच वेळ ती खरोखर आठवत राहिली.

"माका कायच आठवणा नाय, भाई. खरांच."

ती लपवत नव्हती. लपवत असती तर भाईंना आणखी एकदा विचारता आलं असतं. ते बसून राहिले. हात सुकला. समोर शर्मिलाही बसून होती, आणि उठायला कुणी सांगत नव्हतं.