आहेर सरांचा अकरावा धडा

आहेर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "बाई, सर गेले हो पहाटे," सरांच्या घरून वहिनी म्हणाल्या, आणि मी "अगं बाई!" म्हणून तिथेच खुर्चीत बसले... अशा वेळी म्हणे गेलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं ते मी आज लिहिणार आहे, कारण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात काही राम नाही. मनात आलं, चला, सुटले. सर किडनीच्या दुखण्यातून सुटले, असं नव्हे. मी सुटले. एका दुपारची गोष्ट माझ्याखेरीज त्यांना एकट्यालाच माहीत असावी, असा मला अठरा वर्षं संशय होता. तो माणूस आता राहिला नाही. मग रडू आलं, तेही खरंच होतं, पण ते नंतर आलं.

निफाड तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही बरोबर होतो. ते सातवी-आठवीला विज्ञान शिकवायचे आणि मी सगळ्यांना चित्रकला. नाशिकहून सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत. सर मूळचे देवळ्याकडचे, घरात अहिराणी. वर्गात एरवी शुद्ध बोलायचे, पण डोकं फिरलं की "हाई काय शे?" असं तोंडातून निघायचं आणि पोरं बाकाखाली तोंड घालून हसायची. खिशात कायम लाल पेन्सिल. माझ्या चित्रांनाही ती सोडायची नाही. "बाई, बेडकाच्या पुढच्या पायाला चारच बोटं असतात, तुम्ही पाचवं कुठून आणलं?" मी म्हणायचे, "सर, बेडूक तक्रार करायला आला तर पाठवा माझ्याकडे." असं आमचं चालायचं.

त्यांची एक गोष्ट मात्र थट्टेची नव्हती. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे चार मथळे असतात. बहुतेक शाळांत तेव्हा प्रयोग व्हायचेच नाहीत, चारही मथळ्यांखालचा मजकूर फळ्यावरून उतरवून घ्यायचा. सरांना याचा भयंकर राग. "जे दिसलं ते लिहा. काही दिसलं नाही तर 'दिसलं नाही' असं लिहा," हे त्यांचं वाक्य शाळेतल्या भिंतींनाही पाठ झालं असेल. एकदा लिटमसचा कागद जुना निघाला, आम्लात बुडवून काही म्हणजे काही झालं नाही. तरी सगळ्या वर्गाने झोकात लिहिलं, निळा लिटमस लाल झाला. एकीनेच लिहिलं, "कागद ओला झाला. रंग तोच राहिला." ती सुनंदा. सरांनी तिची वही वर्गभर फिरवली, मग स्टाफरूममध्ये मला आणून दाखवली. ही मुलगी माझ्याही तासाला पहिली. समोरची वस्तू जशी असेल तशीच काढायची, रेघभर इकडे नाही की तिकडे नाही. मी तिचं कौतुक करायचे ते याच गुणासाठी.

आठवीला हायड्रोजन वायू तयार करण्याचा प्रयोग होता. सरांनी मला त्याचा मोठा चार्ट काढून मागितला. काचेचा चंबू, त्यात जस्ताचे तुकडे, बुचातून आत जाणारं लांब दांड्याचं नरसाळं आणि बाजूने वायू नेणारी नळी. नरसाळ्यातून आम्ल ओतायचं. त्या नरसाळ्याचं खालचं टोक आम्लात बुडलेलं हवं, नाहीतर वायू नळीतून न जाता त्या नरसाळ्यातूनच वर येतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुस्तकातली आकृती नखाएवढी. मी ती मोठी केली, आम्ल दाखवायला निळ्या आडव्या रेघा मारल्या आणि पाहिलं तर टोक त्या रेघांत गिचमिड दिसत होतं. म्हणून मी ते अर्धं बोट वर घेतलं. सुबक दिसलं. एवढ्यासाठी... सुबक दिसावं म्हणून. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती, सरही घाईत होते. त्यांनी "वा बाई!" म्हटलं आणि चार्ट प्रयोगशाळेतल्या खिळ्याला टांगला.

प्रयोगाच्या दुपारी चार टेबलांवर चार गट होते. तीन गटांतल्या पोरांनी नेहमीच्या धसमुसळेपणाने नरसाळं पार तळापर्यंत दाबलं. चौथ्या टेबलावर सुनंदा होती. तिने चार्टकडे बघितलं, पुन्हा चंबूकडे बघितलं आणि नरसाळं अर्धं बोट वर ओढून घेतलं. आकृतीत होतं अगदी तसं. मग नळीच्या टोकाशी पेटती काडी न्यायची होती. वायू मात्र तिच्या तोंडासमोर नरसाळ्यातून येत होता... मी शेजारच्या वर्गात होते. आवाज ऐकला आणि खडू हातातच राहिला. सर तिला दोन्ही हातांवर उचलून बाहेर धावले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाची बाही लाल झाली होती. द्राक्षांचे क्रेट रस्त्यावर उतरवून एका टेम्पोवाल्याने तिला आणि सरांना नाशिकच्या दवाखान्यात पोचवलं. डावा डोळा गेला. तेरा वर्षांची होती.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, नरसाळ्याचं टोक वर राहिलं असणार. मी प्रयोगशाळेत गेले, तो चार्ट फाडून टाकायला गेले होते, खोटं कशाला सांगू. काचा झाडून नेल्या होत्या. खिळा होता, चार्ट नव्हता. मी स्वतःची समजूत घातली की शिपायाने कचऱ्याबरोबर नेला असेल.

चौकशी हेडमास्तरांच्या खोलीत झाली, शिक्षण खात्याचे साहेब आले होते. सुनंदाच्या डोळ्यावर पट्टी, शेजारी तिचे वडील आप्पा, टोपी हातात घेऊन. तिने एकच सांगितलं, "चार्टमध्ये होतं तसंच मी केलं." साहेबांनी विचारलं, कुठाय चार्ट? आहेर सर उभे राहिले. खाली बघून म्हणाले, "चार्ट नव्हता. मी तोंडी सांगितलं होतं. लक्ष ठेवायला हवं होतं, माझी चूक आहे." वर्गातल्या चार पोरांना बोलावलं. सर म्हणाले नव्हता, मग पोरं कशाला म्हणतील होता? तेव्हाची पोरं ती. चौघंही म्हणाली, नव्हता. मग साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही काही काढून दिलं होतं का?" मी म्हणाले, "आठवत नाही."

आठवत नाही! त्या चार्टची निळी शाई अजून माझ्या नखांत होती.

आप्पांनी तिथेच, सगळ्यांसमोर, त्या पट्टी बांधलेल्या पोरीच्या थोबाडीत मारली. "सरांवर घालती व्हय? नाही ते चाळे केले आन वर खोटं बोलती?" सर मध्ये पडले, तिला मागे घेतलं, पण जे बोलायला हवं होतं ते बोलले नाहीत. मीही नाही. महिन्याभराने सर तिच्या घरी गेले तेव्हा आप्पांनी त्यांच्या पायाला हात लावून पोरीच्या वतीने माफी मागितली. ती आतून बाहेर आली नाही. हे मला सरांनी एसटीत सांगितलं आणि खिडकीकडे तोंड केलं. तीन दिवस त्यांनी डबा उघडला नाही. सुनंदा पुन्हा शाळेत आली नाही. सतराव्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, विंचूरकडच्या एका बिजवराशी. चार-पाच वर्षांत ती मुलीला घेऊन परत आली, ती कायमची. गावात तिची ओळख राहिली ती दोनच गोष्टींनी, एका डोळ्याची आणि खोटारडी.

सरांची बदली झाली, संस्थेच्या नाशिकमधल्या शाळेत. प्रयोगशाळेची किल्ली त्यांना पुन्हा मिळाली नाही. काही वर्षांनी मीही तिथे आले. हा माणूस आता खडूफळ्यावर, कोरडा, शिकवत होता. मग शाळेत कॉम्प्युटर आले, गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले आणि पन्नाशीतले आहेर सर तिथे पोरासोरांच्या रांगेत बसायला लागले. त्यांच्या डोक्यात एकच. ज्यांच्या शाळेत प्रयोग होत नाहीत, ज्यांची शाळा सुटली, त्यांच्यासाठी पाचवी ते आठवीचे विज्ञानाचे धडे मराठीतून इंटरनेटवर टाकायचे, फुकट. मी हसले. "सर, सुरगाण्याच्या पोराकडे लाइट नाही, तो तुमची वेबसाइट कुठे बघणार?" ते म्हणाले, "आज नाही बघणार. उद्या बघेल." दर रविवारी दोन तास एका बोटाने टायपिंग. मराठी अक्षरं दिसायला आधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा, नाहीतर नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. पानाच्या तळाशी किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा होता. त्यातल्या निम्म्या भेटी आमच्या दोघांच्याच असणार. पण पत्रं येऊ लागली, पेठच्या एका शिक्षकाचं, कुठल्याशा आश्रमशाळेतल्या मुलींचं, आणि सर ती छापून घेऊन मला दाखवायला यायचे.

आकृत्या माझ्याच होत्या. कागदावर काढायच्या, स्कॅन करून घ्यायच्या. आता मात्र सर प्रत्येक आकृतीवर पट्टी ठेवायचे. नळी कुठे संपते, पातळी कुठे आहे, टोक बुडालंय की नाही. एकेक आकृती मी चार-चारदा काढली आणि एकदाही "पुरे करा हो" म्हणाले नाही. काय तोंडाने म्हणणार? आठवीचा अकरावा धडा हायड्रोजनचा. दहावा होता, बारावा होता. अकराव्यावर टिचकी मारली की एकच ओळ यायची, "हा धडा तयार होत आहे." पाच वर्षं तो तयार होत होता. मुलं पत्रातून विचारायची, सर, अकरावा कधी? सर त्या पत्रांना उत्तर देत नसत.

शेवटचं भेटले तेव्हा डायलिसिसहून नुकते आले होते. हातावर चिकटपट्ट्या, पाय सुजलेले. म्हणाले, "बाई, अकरावा राहिला. आकृती काढा तुम्ही." मी म्हणाले, "बरे व्हा, मग काढते." ते म्हणाले, "मी लिहायला बसलो की निरीक्षणाशी अडतो." मला कळलं. मी पर्स उचलली आणि एसटी चुकेल म्हणाले. मी नाशिकमध्येच राहते, मला कसली एसटी.

दहाव्या दिवसाचे विधी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, झाले. तेरावा झाल्यावर वहिनींनी बोलावलं आणि कपाटावरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांब सुरळी काढून दिली. "हे बाईंना द्या, म्हणून ठेवलं होतं. मला कधी हात लावू दिला नाही." मी घरी येऊन दार लावून ती उघडली. माझाच चार्ट. निळ्या रेघा थोड्या फिकटल्या होत्या. नरसाळ्याचं टोक लाल पेन्सिलीने अर्धं बोट खाली, आम्लाच्या आत, वाढवलेलं होतं. कोपऱ्यात, पोरांच्या वहीत करायचे तसंच, "तपासले", सही आणि तारीख. त्याच दिवसाची. म्हणजे दवाखान्यातून आल्या आल्या त्यांनी तो काढून नेला होता. मला वाचवायला नेला, असं अठरा वर्षांनी कळलं. आणि नेऊन त्या पोरीला खोटं पाडलं. एकाच माणसाने, एकाच हाताने. मी त्यांच्यावर रागवू की त्यांच्या पाया पडू, मला अजून ठरवता येत नाही. माझ्याबद्दल मात्र मला काही ठरवायचं राहिलेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी त्या गावी गेले. सुनंदा अंगणात द्राक्षांच्या पेट्यांचे पुठ्ठे दुमडत होती. तिने मला ओळखलं, पण "या" म्हणाली नाही. मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि ती सुरळी तिच्यापुढे धरली. अर्धी उलगडली असेल-नसेल, ती म्हणाली, "ह्योच." मान कलती करून, उजवा डोळा जवळ नेऊन तिने टोकापर्यंत बोट नेलं. लाल रेघेवर थांबली. मग कोपऱ्यातली सही वाचली, तारीख वाचली.

"सरांना म्हाईत व्हतं?"

"हो. मलाही होतं. आकृती मी चुकवली होती, तू बरोबर केलंस."

मला वाटलं ती ओरडेल, चार्ट तोंडावर फेकेल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती उठली, ओट्यावर आप्पा बसले होते तिथे गेली. आप्पा आता फार थकलेत, कमी ऐकू येतं. ती त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "आप्पा, ह्यो बघा. चार्ट व्हता."

"क्काय?"

"चार्ट व्हता, आप्पा. मी म्हनत व्हते ना, व्हता."

आप्पांनी चष्मा शोधला. इतकी वर्षं गुंडाळलेला कागद, सोडला की लगेच पुन्हा सुरळी व्हायचा. मग एक कड आप्पांनी धरली, एक तिने. मी फाटकाशी उभी होते. कुणी मला बस म्हणालं नाही आणि मी चार्ट परत मागितला नाही.