तोंडावर माती असली की बोलायचं नाही

तोंडावर माती असली की बोलायचं नाही. हसायचंही नाही. माती तडकते, आणि ती तडकली की म्हणे सुरकुत्या पडतात. कशा पडतात, हे विचारायचं नाही!

हा नियम मोठ्या मायचा. मोठी माय म्हणजे माझी थोरली काकू. आखाजी, आपली अक्षय्य तृतीया, जवळ आली की म्हसावदला आमच्या मागच्या अंगणात रविवारी दुपारी घमेल्यात माती भिजते. मोठी माय, माझी आई आणि शेजारच्या सुमनकाकू अशा तिघी लावायला; मी आणि मोठ्या मायची वैशू लावून घ्यायला. मोठ्या बायका तोंडाला माती लावत नाहीत. म्हणजे बोलायला त्या मोकळ्या! अशा दुपारचे किस्से इतके साठलेत की मैत्रिणी फोन करून विचारतात, "या रविवारी काय झालं गं?" त्या हसतात. माझं डोकं फिरतं.

*

एकदा मुलतानी माती संपली. मोठी माय म्हणाली, "वावरमानी काळी माती काय वाईट शे?" आणि बांधावरून टोपलंभर माती आणली. नेमकी तिथलीच, जिथे आदल्या दिवशी फवारणीचा पंप धुतला होता!

पाच मिनिटांत वैशूचा चेहरा पेटला. बोलायची बंदी, म्हणून बिचारी हातवारे करत होती, पाय आपटत होती. "नखरा नको करू," सुमनकाकू म्हणाल्या. शेवटी मीच तिला हाताला धरून हौदावर नेलं. माती धुतली, तर खाली गाल लालभडक!

मोठी माय खूश. "देख, रंग उजळी ऱ्हायना!"

*

सुमनकाकू केसांना मात्र लावतात. काळी माती, दही, रिठ्याचं पाणी. एका रविवारी थापून बसल्या आणि लाईट गेली. मोटर बंद, हौद रिकामा. ऊन असं की तासाभरात डोक्यावर मडकं तयार! संध्याकाळी शहाद्याला लग्न. काका मोटरसायकल काढून दारात उभे. त्यांनी बायकोकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाले, "चाल, आज तुले हेल्मेट लागाव नही!"

*

माझा चुलतभाऊ, वैशूचा सख्खा भाऊ, दिवसभर उन्हात पपईच्या बागेत असतो. रंगाने आम्हा दोघींपेक्षा दोन हात पुढे. मी विचारलं, "मोठी माय, याले काब्र नही लावत माती?"

"तो आंडोर शे!" मुलगा आहे, विषय संपला.

तोच आंडोर पुढच्या आठवड्यात नवापूरकडे मुलगी बघून आला. कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "पोरगी चांगली शे, पण सावळी शे." मी आतून आरसा आणून त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला आणि भांग नीट केला!

*

आता वैशूचं ऐका. मागच्या आखाजीच्या आधी तिला मातीने लिंपून पाटावर बसवलं होतं. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या. तिच्या शेजारी मी, तशीच लिंपलेली. आणि वर तिघींचं सुरू झालं. कोरीटचं स्थळ, वीस एकर बागायत, मुलगा एकुलता एक.

"वैशू, तुले चालस ना?" मोठ्या मायने विचारलं.

वैशूचं नर्सिंगचं एक वर्ष राहिलं होतं. तिने आडवी मान हलवली. आईने तिची हनुवटी धरली. "हालू नको, माती पडस!"

"नही म्हननी का ती?" मोठी माय म्हणाली. "मंग झायं!"

मी ओरडायला हवं होतं ना? मीही नियम पाळत बसले होते! वैशूने चेहरा धुतला तोवर कोरीटला फोन गेला होता. परवा तिचा फोन आला. कॉलेजचं विचारलं, तर म्हणाली, "सासू चंदन टाकस मातीमा. वास चांगला येस."

*

या आखाजीला पाट एकच होता. माझा. बीएस्सी झाली, जळगावला एमएस्सीला नंबर लागलाय, हे घरात सगळ्यांना माहीत. त्यावर आठ दिवस कुणी चकार शब्द काढला नव्हता. रविवारी मात्र घमेल्यात माती भिजली आणि सुमनकाकू काकडी कापत बसल्या. आई माझे केस मागे बांधताना मोठ्या मायला हळूच म्हणाली, "आधी माती लागू द्या. मंग काढूत जळगावना विषय."

मोठ्या मायने चार बोटं घमेल्यात बुडवली. "बस पोरी. डोया मीच."

मी बसले. डोळे मिटले नाहीत. तिचा हात गालाजवळ आला तेव्हा मनगट धरलं आणि सावकाश परत घमेल्यात ठेवलं.

"मी माती लावाव नही. मी जळगावले जासू. आते मन्हं तोंड मोकळं शे. बोला, काय बोलनं शे ते!"

सुमनकाकूंची सुरी काकडीत अर्ध्यावर थांबली. आईने माझे केस सोडले. मोठ्या मायच्या बोटांवरून माती घमेल्यात ठिबकत राहिली.

मी एकेकीकडे बघत होते. तिघींच्या तोंडावर मातीचा कणही नव्हता. तरी एकीनेही तोंड उघडलं नाही.