न हुंगलेलं पुरण

मोरिवलीच्या मोतीबाईला वास येत नाही, हे होळीच्या दिवसापर्यंत अख्ख्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस म्हणजे खुद्द मोतीबाई. भाद्रपदात तिला ताप आला, चार दिवसांनी उतरला आणि उतरताना नाकाचा वास, जिभेची चव दोन्ही घेऊन गेला. येईल हळूहळू, असं तिने मनाला समजावलं. सहा महिने झाले, काही आलं नाही. लसूण करपला तर धूर दिसल्यावर कळायचं.

दुसरी कुणी असलं दुखणं चार जणींत सांगून मोकळी झाली असती. पण मोतीबाईचा धंदाच नाकाचा. बदलापूरला बेलवलीच्या इमारतींत चौदा घरं अशी, की नवरा-बायको सकाळी सातला बाहेर पडायचे ते दिवेलागणीला उगवायचे. त्यांच्यासाठी ती अर्धा स्वयंपाक करून पाठवायची. भाजी निवडून चिरलेली, कणीक मळलेली, वाटण वाटलेलं, मटकीला मोड आलेले. घरी आल्यावर फक्त फोडणी द्यायची. सून जिज्ञासा स्कूटरवरून डबे पोचवायची. मुलाची, कमलेशची कंपनी बंद पडल्यापासून मोरिवलीतलं सगळं घर या डब्यांवर चाललं होतं. डबेवालीला वास येत नाही, एवढी बातमी बेलवलीच्या एका लिफ्टमध्ये शिरली असती तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर उतरली असती. या भीतीने मोतीबाईची झोप उडाली होती.

मग तिने नवऱ्याची जीभ वापरायला घेतली. काहीही केलं की हरिचंद्रपुढे चमचा धरायचा. "बघा ना, कसं झालंय." तो चाटायचा आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. भुवई चढली की मीठ जास्त, ओठ मिटले की आंबट. म्हातारा खूश! पस्तीस वर्षांत जिने कधी पानाशी बसून आग्रह केला नाही, ती आता चमच्याने भरवते. तो पारावर मित्रांना सांगायचा, आमची आता मऊ झाली हो.

असे सहा महिने निभले. मग होळी आली आणि चौदाही घरांनी पुरण मागितलं. ऑफिसातून येऊन पोळ्या लाटायच्या आणि सातला होळीला नैवेद्य दाखवायचा. मोतीबाईने आदल्या दिवशी पुरण शिजवलं, घाईघाईत गरम असतानाच पातेल्यांवर झाकणं घातली आणि फ्रिजमध्ये ठेवलं. होळीच्या सकाळी सातला लाईट गेली ती दुपारी दोनला आली. मार्चचं ऊन, वर पत्रा. तिने झाकण काढलं तर आतून पाणी ठिबकत होतं.

ती सवयीने चमचा भरून हरिचंद्रकडे गेली.

तो दोन पावलं मागे सरला. "होलीला दाखवाच्या आधी? येरी झाली का गो तू?"

खरंच होतं. नैवेद्य आधी चाखायचा नाही, हुंगायचासुद्धा नाही. हा नियम या घरात तिच्याइतका कडक कुणीच पाळला नव्हता. मोतीबाई स्वयंपाकघरात परतली, दार लोटलं, मनात देवाची माफी मागितली आणि पुरणाचं बोट तोंडात घातलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने नैवेद्य उष्टा केला. जिभेवर रवाळ, कोमट असं काहीतरी फिरलं. गोड नाही, आंबट नाही, काहीच नाही. ती पदर तोंडात कोंबून रडली. मग डोळे पुसून बाहेर आली आणि सुनेला म्हणाली, "भर डबे."

जिज्ञासाने डबे भरले. भरताना एकदा सासूकडे बघितलं, मग खाली मान घालून झाकणं लावली आणि स्कूटर काढली.

सहाला पहिला फोन आला. राजसीचा. बँकेत नोकरी करणारी ही गोड बोलणारी मुलगी तिचं पहिलं गिऱ्हाईक, बाकीची घरं तिनेच जोडून दिलेली.

"मावशी, डबा उघडला तर आंबूस वास. तासाभरात होळी पेटणार, मी नैवेद्याला काय ठेवू? पोरं खाली वाट बघतायत हो." आज तिचा आवाज गोड नव्हता. "तुम्ही बघितलं नाही का पाठवताना?"

मग एकामागून एक फोन. पावणेसातपर्यंत अकरा घरांनी सांगितलं, सोमवारपासून डबा नको. शेवटचा फोन पुन्हा राजसीचा होता. ती एवढंच म्हणाली, "सॉरी मावशी, मलाही नको."

जिज्ञासा दारात उभी राहून ऐकत होती.

"आई, डबे भरताना मला वास आला होता."

"मंग बोलली का नाय?"

"कशी बोलू? पहिल्या गौरीला मी खीर हुंगली, तर तुम्ही सगळी खीर गाईपुढे ओतली. सगळ्यांसमोर. आठ दिवस बोलला नाहीत माझ्याशी. आणि तुम्ही बाजूलाच तर होता. मला वाटलं, खराब असतं तर आईंना पहिला वास आला असता. मलाच भास झाला असेल, म्हटलं."

मोतीबाईने हातातला फोन खाली ठेवला.

"माना वास येत नाय गो. चव पन नाय. भादव्यापासून."

बाहेर पोरांची बोंब सुरू झाली होती. हरिचंद्र नैवेद्याचं ताट न्यायला आत आला होता, तो उंबऱ्यातच थांबला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे तो चमचा..." तो म्हणाला. ताट तसंच ठेवून तो बाहेर पारावर जाऊन बसला.