बोलून लिहायची सवय

मंडळी, आज सौसरच्या पोस्टात मी पार्सलवर पत्ता लिहून राहिली होती. नेहमीसारखी मोठ्यानं बोलत, "मुक्काम रामाकोना..."

मागच्या बाकावरून आवाज आला, "स्वल्पविराम द्या न, बाई!"

वळून पाहते तर पांढरी काठी धरलेली शेवंता हसून राहिली! ऐंशीच्या दशकातली माझी नववीची विद्यार्थिनी.

तेव्हा ती फळ्यावरचं काहीच उतरवत नव्हती. मी कामचोर समजून दोनदा तिला उभं केलं. मग तिची मैत्रीण बोलली, "बाई, तिले फळा दिसतच नाही." बाप तर तिची शाळा सोडवायच्या बेतात होता.

मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर लिहीन ते सगळं मोठ्यानं बोलू लागले, स्वल्पविरामासकट. गंमत म्हणजे मागच्या बाकावरची पोरंही भराभर लिहू लागली! शेवंता मॅट्रिक झाली तेव्हा तिच्या बापानं अख्ख्या शाळेला संत्री वाटली.

आज ती म्हणाली, "फळा सुटून इतकी वर्षं झाली, बाई. आता कोणासाठी बोलून राहिल्या?"

"तुझ्यासाठीच. तू मागं बसली होती न?"