विमल आज्ञाधारक नव्हती

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. मेंदूत रक्तस्राव... दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दीड महिना झाला, रडून झालं, राग मात्र उतरत नाही. अंत्यविधीला आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "विमलताईंनी आईच्या सेवेसाठी लग्न केलं नाही. अशी आज्ञाधारक लेक देव सगळ्यांना देवो." पहिल्या बाकावर तिची आई मान डोलवत होती. आणि मी गप्प बसले!

पडेगावात आमची घरं शेजारी. विमल पुढं नर्स झाली. तिला बघायला पाहुणे यायचे ठरलं की तिच्या आईच्या, आमच्या मावशींच्या, छातीत दुखायचं. तीनदा ठरलं, तीनदा दुखलं. निरोप पाठवून पाहुण्यांना थांबवलं की संध्याकाळी मावशी पोटभर जेवायच्या. मग तिच्याबरोबर काम करणाऱ्या प्रकाशनं मागणी घातली, तेव्हा मावशींनी मला हाताशी धरलं. "जा गं लता, सांग तिला. आईचा मान राखायची देवाची आज्ञा हाय. मी मेले तर पाप तिला लागंल." मी शहाणी, जाऊन सांगितलं. विमलनं प्रकाशला नकार दिला.

चाळिशीत तिला बजाजनगरच्या दवाखान्यात वरची जागा मिळाली. मावशींनी पुन्हा छाती धरली. या वेळी विमल रडली नाही. रिक्षा आणली, आईला नेलं, सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. "माझ्यावर संशय घेतला व्हय?" मावशी कडाडल्या. "नाय आई. दुखतंय म्हणालीस, डॉक्टरला दाखवलं. नोकरी मी घेतलीय." ती बजाजनगरला खोली करून राहिली. दर रविवारी उपासनेनंतर यायची, स्वयंपाक करायची, आठवड्याच्या गोळ्या लावून ठेवायची. मावशींनी गळा काढला की शांतपणे उठायची. "सलाम आई, पुढच्या रविवारी येते."

चर्चच्या मंडळीतल्या बायका तिला दगड म्हणायच्या. मीही एकदा विचारलं, "तुला पाप वाटत नाय?"

"लता, देवानं मान द्यायला सांगितलंय, ताबा नाय. येशूनं कुणाला भीती घालून धरून ठेवलं का? जाणाऱ्याला जाऊ दिलं त्यानं. आई देवाचं नाव घेऊन मला बांधत होती... ते मी मोडलं. आईला नाय सोडलं."

हे त्या दिवशी उभं राहून सांगायला हवं होतं. तिचं आयुष्य अडवणारीच्या पदरात पाळकसाहेबांनी तिचं कौतुक टाकलं, आणि मी ते टाकू दिलं.

गेल्या आठवड्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. नाताळला यायला जमणार नाही म्हणाली. माझ्या तोंडून निघून गेलं, "ये बाई, पुढच्या वर्षी मी असेन नसेन." पलीकडून ती बारीक आवाजात म्हणाली, "बरं, रजेचं बघते."

फोन ठेवला आणि स्वतःचीच किळस आली. लगेच परत लावला. म्हटलं, "मला काही झालेलं नाही. तुला बोलवायला तसं बोलले, चुकलं माझं. जमेल तेव्हा ये."