मनूचा ताप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – म्हणजे इथेही मी सोयच पाहिली.

सुरुवात एका मोबाइल गेमपासून करतो. तिथून बोलणं सोपं जातं. बायकोला सातवा महिना लागला होता, वेळ जावा म्हणून ती तो खेळायची. पडद्यावर एक गरोदर बाई. गोळी चुकली, जिना चढली, रडली – की तारे कमी. सगळे तारे गेले की शेवटी व्हीलचेअरमधलं मूल, रडवं संगीत, आणि खाली हिरवं बटण, ‘पुन्हा खेळा’. मला किळस आली. अपंग मूल म्हणजे हरलेला डाव? आणि हरली कोण, तर आई?

आमच्या भोपाळच्या टाउनशिपमध्ये मराठी मंडळाचा वर्धापनदिन होता. तिथे मी यावर भाषण ठोकलं. अशा समारंभात शाल, नारळ आणि टाळ्या आधीच आणून ठेवलेल्या असतात. प्रमुख पाहुणे असलेले मोठे साहेब पूर्णवेळ पेंगत होते, तरी जागे होऊन म्हणाले, “वाह, क्या बात कही है!” समोर सुषमाताई बसल्या होत्या – समोरच्या ब्लॉकमधल्या, मूळच्या नागपूरच्या. शेजारी व्हीलचेअरमध्ये त्यांची सोळा वर्षांची मनू. तिचे पाय जन्मापासून चालत नाहीत. जीभ मात्र दोघींना पुरून उरते. नंतर ताई म्हणाल्या, “भाऊ, कीव न करता कुणीतरी बोललं हो आमच्याबद्दल.” मी नम्रपणे मान झुकवली. ते मला छान जमतं.

मग डोहाळजेवण आलं. फुलांचे दागिने मनूच करणार, असं बायकोने तिच्याशी ठरवून टाकलं होतं.

आदल्या दिवशी मी ताईंच्या दारात उभा राहिलो. आईने पाठवलं नव्हतं, सासूबाईंनीही नाही – कुणीच नाही. गरोदर बाईने अशा मुलीकडे पाहू नये, तसंच मूल होतं – ही घाण माझ्याच डोक्यात होती. पुस्तकांनी भरलेल्या डोक्यात. कुठून आली? कुठे होती इतकी वर्षं? मी म्हणालो, “ताई, हॉल लहान आहे, गर्दी होईल. मनूला उगाच त्रास.”

ताई म्हणाल्या, “हो ना. तसाही तिला ताप आहे.”

आतून मनू ओरडली, “आई, झूठ काय बोलतेस! मला कुठे बुखार आहे? काका, काकूला शेवंती चालेल की गुलाबच पाहिजे?”

मी म्हणालो, “शेवंती चालेल.” आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी ताई एकट्याच आल्या, शेवंतीचे दागिने घेऊन. बायकोने विचारलं, “मनू कुठंय?” ताई बोलायच्या आत मीच म्हणालो, “तिला ताप आहे.” ताई ओटी भरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

पुढे आम्हाला मुलगी झाली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, “बच्ची एकदम ठीक है.” तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? मुलीचं तोंड? बायको कशी आहे?

नाही. मनात आलं – बरं झालं, मनूला येऊ दिलं नाही.